सूचीची चौकट

"वा, रेघोबा! डोळ्यांना कसं गार वाटतंय बघा," भिंतीवरच्या नव्या नकाशापासून दोन पावलं मागे सरत साहेब म्हणाले.

शहराचा नकाशा काढणाऱ्या रेघोबाची छाती फुगली. मुख्य रस्ते जाड, गल्ल्या बारीक, एकही नाव दुसऱ्याच्या अंगावर चढलेलं नाही. काय दाखवायचं यापेक्षा काय गाळायचं याला अक्कल लागते, असं तो येताजाता सांगायचा. घोडं अडलं होतं फक्त चिन्हांच्या सूचीपाशी. शेवटी खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याने तिची पांढरी चौकट ठोकून दिली. खाली एकच गल्ली झाकली गेली, आणि ती त्याचीच होती. म्हणजे तक्रार करणारं कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. दूधवाल्याला गाठलं तर तो ओशाळला. "काका, आलो होतो हो. पण तुमचं वळणच सापडेना."

दुपारी ऑफिसात बायकोचा फोन आला. "अहो, माझा भाऊ मघापासून बाहेर घिरट्या घालतोय. त्याला घर सापडत नाहीये."

"अगं, तुझा भाऊ जिन्यातसुद्धा हरवतो."

"थट्टा पुरे. खिडकीबाहेर सगळं पांढरं झालंय. धुकं म्हणावं तर त्याच्या कडा सरळ आहेत."

फोन तुटला. रेघोबा धावतपळत गल्लीच्या तोंडाशी आला आणि जागीच थिजला. गल्ली नव्हतीच. तिथे पांढरा, गुळगुळीत पडदा उभा होता. त्यावर सूचीतलंच झाडाचं चिन्ह, पुरुषभर उंचीचं, आणि शेजारी त्याच्याच अक्षरांत लिहिलं होतं: बाग. पडद्यापलीकडून बारीक आवाज आला, "अहो, आलात का?"

तो ओरडला, "घाबरू नकोस गं! चौकट हलवतो!"

ऑफिसात परतून त्याने सूची वरच्या डाव्या कोपऱ्यात नेली आणि नवी प्रत भिंतीवर चिकटवली. घरी आला तर गल्ली जागच्या जागी, आणि दारात बायको. तिला बघून त्याला रडूच फुटलं.

सकाळी बेल वाजली. दारात साहेब, पायांत फिरायचे बूट.

"रेघोबा, हसू नका, पण फिरून आलो तर आमची गल्लीच नाही. बायको-मुलं परगावी आहेत म्हणून निभावलं."

"साहेब, आपण राहता कुठे?"

"वरच्या डाव्या कोपऱ्यात."

रेघोबाने कपाळाला हात लावला आणि सगळं कबूल केलं.

"चौकट खाली डावीकडे सरकवली तर?" रेघोबाने विचारलं.

"तिथे माझा भाऊ राहतो," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "खबरदार!"

"मग वर उजवीकडे," साहेबांचा चेहरा खुलला. "तिथे नुसतं स्मशान आहे. तक्रार कोण करणार?"

"तक्रार कोणी नाही करणार, साहेब," रेघोबा म्हणाला. "पण तुमच्यासारखंच कोणी फिरायला बाहेर पडलेलं असलं, तर ते परत कुठे जाईल?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने साहेबांसाठी गादी काढली.