परबकाका आणि विलायतेचा मोसम

आमच्या चाळीत प्रसादाचा पेढा फोडून बघणारा एकच माणूस होता. परबकाका. पेढा हातात पडला की ते आधी तो मधोमध फोडत, आत डोकावत, वास घेत आणि मगच कपाळाला लावून तोंडात टाकत. दुसऱ्याच्या घरचा सत्यनारायण असता तर एक वेळ समजलं असतं. पण स्वतःच्या घरच्या पूजेतही त्यांचं हेच चाले, आणि पेढे आणायलाही तेच गेलेले असत.

"काका, पेढे तुम्हीच आणलेत ना?" मी एकदा विचारलं.

"आणले मी. बनवले कोणी?"

"ह्याच्यात काहीतरी गोम आहे" हे त्यांचं आवडतं वाक्य. पाण्याचा टँकर वेळेवर आला, गोम आहे. वाण्याने न मागता पिशवी दिली, गोम आहे. चाळीतली पोरं त्यांना पाठीमागे गोमकाका म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं तेही ठाऊक होतं.

लालबागला त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की आई आमचा गॅस बारीक करायला उठे. उन्हाळ्यात अख्खं लालबाग मिरच्या कांडायला गिरणीत देऊन घरी येतं. परबकाका यंत्राशेजारी उभे राहत. आपल्या मिरच्या काढून दुसऱ्याच्या घातल्या तर काय घ्या. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय, शिंकांवर शिंका येताहेत, पण नजर यंत्रावरून हलायची नाही. घरी आले की डोळे असे लाल, की नव्या माणसाला वाटावं, ह्यांच्याकडे कोणी गेलं की काय.

आई मात्र म्हणे, "हा माणूस असा नव्हता गं." गिरणी कामगारांच्या संपाआधी काका कापडाच्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवत. तेव्हा त्यांना कोणीही काहीही सांगावं आणि त्यांनी विश्वास ठेवावा. संप सुरू झाला तेव्हा लोक म्हणाले, पंधरा दिवसांत मिटेल. काकांना पटलं. मग म्हणाले, गणपतीपर्यंत नक्की. तेही पटलं. लहानग्या वैशालीला खांद्यावर घेऊन ते गॅलरीत उभे राहत आणि मिलच्या चिमणीकडे बोट दाखवून सांगत, "आता बघ हां, धूर येईल." धूर आला नाही. काकींनी पापड लाटायला घेतले, काका मिळेल ते काम करू लागले, आणि कधीतरी त्याच वर्षांत त्यांनी लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं सोडलं. एकदम नाही. दाढ हलत हलत पडावी तसं.

पुढे त्यांना माटुंग्याच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली. माणूस आणि काम यांची इतकी छान जोडी मी दुसरी पाहिली नाही. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी तिरुपतीला जाऊन डोक्यावरचे केस आणि मिशा देऊन आले. काकांनी त्यांना फाटकातच अडवलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो परब, मी!" काका म्हणाले, "'मी' सगळेच असतात." शेवटी वरून त्यांच्या बायकोला बोलावलं. ती हसायला लागली तेव्हा काकांनी वाट सोडली. पण तेव्हाही म्हणाले, "ताई, नीट बघून घ्या."

वैशाली परळच्या एका हॉस्पिटलात नर्स झाली. काकी गेल्या त्यानंतर दोनेक वर्षांनी तिला आयर्लंडमध्ये नोकरी मिळाली आणि ती तिकडे गेली. तिच्या कंत्राटाचं पान न् पान काकांनी खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं होतं. ती गेल्यावर खोलीत ते एकटे. ती फोनवर दरवेळी म्हणे, "बाबा, महिनाभर या. मी लंडनला घ्यायला येते. तीन दिवस लंडन बघू, मग इकडे आयर्लंडला. कुठल्या सीझनला यायचं ते तुम्ही ठरवा."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

मी तेव्हा दादरला एका प्रवासी कंपनीत नोकरी करत होते. परदेशी सहलींची तिकिटं, व्हिसाची कागदपत्रं, ही माझी कामं. एका दुपारी काका ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले. शेजारीण म्हणून ओळख दाखवली नाही. गिऱ्हाइकासारखे बसले.

"विलायतेला जायला चांगला मोसम कुठला?"

"जून-जुलै," मी म्हटलं. "हवा छान, रात्री दहापर्यंत उजेड."

"दहापर्यंत? आणि लोक झोपतात कधी?"

"पडदे लावून झोपतात."

"दिवसाढवळ्या पडदे लावून झोपतात." त्यांनी मान हलवली. "आणि तुमच्या सीट कधी रिकाम्या असतात?"

"काका, जून-जुलैला उलट सीट मिळत नाहीत."

"मग तरी जा म्हणतेस. ह्याच्यात काहीतरी गोम आहे."

मी माहितीपत्रक पुढे केलं. हिरवीगार टेकडी, मेंढ्या, फिरणारी माणसं, वर निळं आभाळ. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "सगळे म्हणतात तिकडे बारा महिने पाऊस. मग ह्या फोटोत एका माणसाच्या हातात छत्री नाही, ती कशी?"

सप्टेंबर सुचवला. गर्दी कमी असते म्हटलं. "का कमी? लोकांना काहीतरी कळलेलं असणार." एप्रिल-मे सुचवला, तेव्हा बागा फुललेल्या असतात. "फुलं बघायला विमानात कशाला बसायचं? हे काय खाली दादरचं फूल मार्केट." मग दोन देशांचे दोन वेगळे व्हिसे लागतील हे कळलं तेव्हा तर ते पुढे सरकून हळू आवाजात म्हणाले, "शेजारी-शेजारी राहतात, भाषा एक, आणि एकमेकांचा कागद चालत नाही? भाऊबंदकी आहे. जागेवरून असणार."

मी हसले. ते हसले नाहीत.

मग वर्षभर त्यांचा तपास चालू होता. माटुंग्याच्या सोसायटीतलं एक वयस्क जोडपं जुलैत लंडनला जाऊन आलं. हवा अप्रतिम होती, असं सगळ्यांना सांगत होतं. काकांनी मला गॅलरीत गाठलं. "टॅक्सीतून सामान मी उतरवलं. जाताना छत्री नव्हती. येताना दोन. अप्रतिम हवेत छत्र्या कोण विकत घेतो?"

वरळी कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी हिराबाई, तिलाही त्यांनी सोडलं नाही. एका हाताने सुरमईचा कल्ला उचलून बघता बघता विचारलं, "समुद्रापलीकडे थंडीत वारा कसा असतो गो?"

"मी काय तिथं जाळी टाकायला जातंय?" हिराबाई म्हणाली. "पन समुद्र कंचाही असू दे, थंडीच्या वाऱ्यात एकट्या मानसाचा जीव रमत नाय. आनि तो कल्ला खाली ठेव. मासा ताजा हाय."

काकांनी कल्ला खाली ठेवला. सुरमई घेतली नाही.

एव्हाना मी कंटाळले होते. मला वाटे, ह्या माणसाला जायचंच नाही. एका रविवारी ते आमच्याकडे चहाला बसले असताना मी सरळच म्हटलं, "काका, कधीही जा, फक्त डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका. तिकडे चारला अंधार पडतो. सकाळी साडेआठपर्यंत उजाडत नाही. पाऊस, वारा, थंडी. त्या दिवसांत आम्ही कोणालाच पाठवत नाही."

कोण म्हणतं, कशावरून, ह्यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. बशीत चहा ओतलेला होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे दिवसपाळीचा माणूस अंधारात जातो आणि अंधारात येतो," ते म्हणाले.

"हो."

"सुट्टी असेल तेव्हाच उजेड बघायचा."

"तेव्हाही ढग नसले तर."

ते उठून गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे फोन वाजला. दर रविवारचा वैशालीचा फोन. भिंत आमची अशी, ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येई. काय जेवलीस. आमटी कसली. मागे आवाज कसला येतोय. टीव्ही आहे तर कार्यक्रम कुठला. पोलिसांनी घ्यावी तशी उलटतपासणी. फोन ठेवला आणि पाच मिनिटांत ते परत आमच्या दारात उभे.

"मंगल, जानेवारीचं तिकीट काढ."

मी म्हटलं, "काका, मी आत्ताच सांगितलं ना, त्या दिवसांत जाऊ नका म्हणून?"

"त्यासाठीच वर्षभर विचारत होतो सगळ्यांना. तिकडे वाईट दिवस कुठले, ते कोणी सांगत नव्हतं. जो तो चांगलेच सांगतो."

काका एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलत. आता मालवणी आलं.

"वैशाली मे म्हयन्यात फोन करता तेव्हा भांडता माझ्याशी. औषध घेवक नाय, लुंगी फाटली तरी टाकूक नाय, म्हणान वराडता. दिवाळी झाली की आवाज बदलता. मी काय पण सांगलंय तरी 'हो बाबा, हो बाबा' करता. सगळा मस्त आसा, म्हणता." ते उंबऱ्यावरच टेकले. "माझा चेडू 'हो बाबा' म्हणणारा न्हय."

जानेवारीत आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. दोन स्वेटर, एक कानटोपी, कोकम, तिरफळं आणि स्वतः उभं राहून कांडून आणलेला मसाला. सामानाच्या पट्ट्यावरून बॅग आत जाताना ते वाकून बघत राहिले. "पलीकडे कोण घेतो?" त्यांनी तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, मशीन. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यातली गोम मला कळली.

महिन्याभराने परत आले तेव्हा अख्खा मजला त्यांच्या खोलीत जमला. लंडन कसं आहे?

"राजवाडा बघितला," काका म्हणाले. "पडदे ओढलेले. बाहेर पहारा कडक, म्हणून लोक फोटो काढतात. आत कोणी नाही. मी वॉचमन आहे, मला कळतं."

आणि आयर्लंड?

"अंधारात होतं."

लोक हसून, चॉकलेटं घेऊन गेले. काकांनी आणलेली चॉकलेटं मात्र कोणी फोडून बघितली नाहीत. संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले. न विचारताच सांगायला लागले.

वैशाली सकाळी अंधारात कामावर जाई, रात्री आठनंतर सुटे. तिच्याबरोबर राहणारी केरळची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. हे तिने फोनवर कधी सांगितलं नव्हतं. काका दिवसभर घरात. चार वाजता अंधारून आलं की ते घरातले सगळे दिवे लावत, मोरीतलासुद्धा, म्हणजे तिला लांबूनच खिडक्या उजळलेल्या दिसाव्यात. मग कालवण करून ठेवून, आठच्या सुमारास कानटोपी घालून बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहत. समोरच्या घरातली एक म्हातारी रोज पडदा बाजूला करून त्यांच्यावर नजर ठेवी.

"तिला संशय येत होता माझा," काका म्हणाले. "बरी बाई होती."

"आणि वैशाली?"

"पहिल्या दिवशी कामावरून आली. दारात बसून बूट काढायला लागली. एक बूट काढला आणि तशीच रडायला लागली. बराच वेळ." खाली रस्त्यावर टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते. काकांनी तो आवाज संपू दिला. "मी काय विचारलं नाय. दुसरा बूट मी काढला."

मी कपडे हातात घेऊन उभी होते.

"मग रोज तसंच. ती येणार, मी जेवण वाढणार. शेवटच्या आठवड्यात एकदा आमटी तोंडात घातली आणि ओरडली माझ्यावर. बाबा, मीठ किती घातलंत, बीपी आहे ना तुम्हाला, म्हणाली. पुढे तासभर भांडत होती. कानटोपीवरून, औषधावरून, सगळ्यावरून." काकांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलं ते हसूच होतं. "म्हटलं, आता निघायला हरकत नाही."

"पण काका, तुम्ही इकडे परत एकटेच," मी म्हटलं. "अजून थोडे दिवस राहिला असतात."

"माझं काय गो," ते म्हणाले. "इकडे साडेसहापर्यंत उजेड असतो."

आत्ता साडेसहा होऊन गेले होते. ते त्यांच्या खोलीकडे वळले. मी आत जाऊन आईला सांगितलं, आणखी एक ताट घे.