सासूबाईंच्या शालीवरचं नाक

चित्रातलं नाक गेलंय, हे सगळ्यांत आधी चित्रकाराच्या बायकोच्या लक्षात आलं. ते कुठे गेलंय, हेही तिच्याच लक्षात आलं. ते सासूबाईंच्या पाठीवर होतं.

गॅलरी माणसांनी फुलली होती. सासूबाई पांढरी शाल पांघरून, हातात कॉफीचा कप धरून, नापास मुलाचं प्रगतिपुस्तक बघावं तशा एकेका चित्रासमोर उभ्या राहत होत्या. आणि मागे, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, वांग्याएवढं जांभळट लाल नाक. नाकपुड्यांसकट.

आता दोष द्यायचा तरी कुणाला? चित्रकार ब्रश वापरतच नसे. गवंड्याची थापी घेऊन रंगाचे थर चढवायचा. "भावना काय पातळ असतात का?" असं वर विचारायचा. ते थर वाळेपर्यंत ऋतू उलटायचे. घरच्यांना सवय झाली होती. भिंतीला टेकायचं नाही, खुर्चीत बसण्याआधी बोट लावून बघायचं. आणि हे चित्र तर त्याने दार लावून, कुणाला न दाखवता रंगवलं होतं आणि आज दुपारी ओलंच आणून टांगलं होतं. चित्राचं नाव होतं 'आई'.

सासूबाई त्याच्या एकाही प्रदर्शनाला आल्या नव्हत्या. "घरातला पसारा रोज बघते, तोच टांगलेला कशाला बघू?" असं त्यांचं म्हणणं. सुनेने हातापाया पडून त्यांना आणलं होतं. कारण काल जेवताना तो घास तसाच हातात धरून म्हणाला होता, "आई एकदा नुसतं 'बरं आहे' म्हणाली ना, तरी पुरे गं मला." पन्नाशीचा बाप्या! आणि आता त्याच आईच्या पाठीने चित्राची वाट लावली होती. त्याला कळलं तर तो भर गॅलरीत रडेल. त्यांना कळलं तर त्या पुन्हा उंबरा ओलांडायच्या नाहीत.

तिने रुमाल काढला आणि सासूबाईंच्या मागोमाग फिरू लागली.

"काय गं, शेपटीसारखी काय चिकटलीयेस?"

"शाल जरा घसरतेय, आई. द्या बघू माझ्याकडे."

"थंडी वाजतेय मला."

"एवढ्या गर्दीत?"

"गर्दीचीच वाजते."

तेवढ्यात समीक्षक आले. हे गृहस्थ पेपरात दोन ओळी लिहायचे आणि चित्रकार लोक त्या दोन ओळींवर वर्षभर जगायचे किंवा जगायचे नाहीत. सुनेने चित्रापुढे अंग पसरून उभं राहायचा प्रयत्न केला, पण समीक्षक उंच होते.

"नाक नाहीये," ते तिच्या डोक्यावरून बघत म्हणाले.

"हो ना," ती कसनुसं हसली.

"श्वास घ्यायलाही उसंत न मिळालेली आई!" ते उद्गारले. "आणि या कोण?"

"या... त्याच."

"माउली!" असं म्हणत समीक्षकांनी सासूबाईंना मिठी मारली आणि पाठीवर मायेने थोपटलं. चांगलं चार-पाचदा. सुनेने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समीक्षक दोन पावलं मागे सरून विचारात पडले होते. विचार करताना आपलं नाक मुठीत धरून कुरवाळायची त्यांना सवय होती.

म्हणजे नाक आता एकदाचं चेहऱ्यावर आलं. चेहरा तेवढा चुकला.

"सर, कसं वाट—" मागून आलेला चित्रकार मधेच थबकला. तो जांभळा त्याने स्वतः घोटला होता, कुठेही ओळखला असता. त्याने समीक्षकांकडे बघितलं. मग चित्राकडे. मग त्याचा खालचा ओठ, लहानपणीच्या फोटोत असतो तसा, बाहेर आला.

"आईचं नाक..."

"अहो, माझंच चुकलं," सुनेने घाईघाईने सगळं अंगावर घेतलं. "मी जवळून बघताना माझा हात—"

"तू गप गं," सासूबाई म्हणाल्या. कप तिच्या हातात देऊन त्या चित्रासमोर गेल्या. चष्मा पुसला, परत लावला. चित्रकार श्वास रोखून उभा. समीक्षकही उभे, लाल नाकाने, अत्यंत गंभीर.

"डोळे माझे आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "कपाळावरच्या आठ्यासुद्धा. बरं आहे."

चित्रकार बाकावर बसला आणि खरोखरच रडला. समीक्षकांनी त्याला आपला रुमाल दिला. त्यांना स्वतःलाच त्याची जास्त गरज होती, पण सांगणार कोण?

घरी जायला निघाल्यावर जिन्यात सुनेने हळूच शाल काढून घेतली. "आई, तुम्ही चुकून चित्राला टेकलात वाटतं. मी सांगणारच होते..."

"चुकून? इतकी वर्षं त्या घरात काढली, ओला रंग मला कळत नाही होय?" सासूबाई कठड्याला धरून सावकाश उतरत होत्या. "दोनदा टेकावं लागलं. पहिल्यांदा नुसता शेंडा निघाला."

सून जागच्या जागी थांबली. "पण का, आई?"

सासूबाईंनी वळून आपला चेहरा दिव्याकडे केला. "तूच सांग. माझं नाक तेवढं आहे का?"

सुनेने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते नीट निरखून पाहिलं. होतं.

"छे, काहीतरीच!" ती म्हणाली आणि शालीची घडी नाक आतल्या बाजूला जाईल अशी घातली.