पंचावन्न ओहमची इस्त्री

मी विजेची नवी किटली आणली आणि अर्ध्या तासात शेजारच्या खरात मामांनी ती नापास केली. आधी चहा पिऊन घेतला, मग खिशातून मीटर काढलं आणि म्हणाले, "ताई, ही पंधराशे वॅटची न्हाई."

"अहो, खाली छापलंय की!"

"छापलेलं सोडा, मोजलेलं बोला. व्होल्टेज दोनशे तीस, करंट सहा अँपिअर. गुणा. तेराशे ऐंशी वॅट. आता भागा. अडतीस ओहम अन् वर थोडा. फसवलं तुमाला."

मामा मूळचे जालन्याकडचे. चाकणच्या एका हीटर बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं टेस्टिंगला होते. हीटर लावायचा, व्होल्टेज बघायचं, करंट बघायचा, गुणाकार करून वॅट काढायचे, भागाकार करून रोध, म्हणजे ओहम काढायचे, जुळलं नाही तर माल परत. माणूस रिटायर झाला, सवय काही झाली नाही. सांगवीला पुतणीच्या लग्नात हॉलचे पंखे नापास करून आलेत. नवरी अजून बोलत नाही त्यांच्याशी.

संत तुकाराम नगरातल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी, म्हणजे फुकटच्या शिव्यांची धनीण. त्यातल्या निम्म्या शिव्या मामांच्या बोर्डापायी. जिन्याखाली मामांनी एक लाकडी फळी ठोकलीय. तिच्यावर भंगारातून आणलेली काट्यांची दोन जुनी मीटरं, एक व्होल्टेजचं, एक करंटचं. शेजारी शाळेतली पाटी आणि खडू. आणि ही सगळी जत्रा स्वतःच्या नाही, तळमजल्यावरच्या वत्सलाबाईंच्या लाइनवर!

वत्सलाबाई चाकणकडच्या खेड्यातल्या, एकट्याच राहतात. मामांचा आणि त्यांचा चार वर्षं अबोला आहे. कारण? गिझर. बाईंच्या भावाने मोठ्या हौसेनं घेऊन दिलेला गिझर मामांनी त्या भावासमोरच मोजला. "दोन हजार छापलंय, सतराशे पंचवीसच निघतात." भाऊ पुढे वारला. बाईंनी मात्र मोजणीच्या दिवसापासूनच गिझर बंद केला तो केलाच. अंघोळीचं पाणी गॅसवर.

यंदा जिना रंगवायचा ठरला आणि कमिटीने ठराव केला, ते भंगार उतरवा. सकाळी साडेसातला मी रंगाऱ्याला घेऊन गेले, तर मामा फळीला पाठ लावून, हात पसरून उभे.

"आधी मला उतरवा, मग बोर्ड."

"मामा, असं काय करता? कमिटीचा ठराव आहे."

"कमिटी कामून मधी येती? कुणाला शॉक बसला? कुणाची वायर कापली?"

"पण दुसऱ्याच्या घरातली वीज मोजायचं तुम्हाला काय पडलंय?"

मामांनी पसरलेले हात खाली घेतले. मग हळूच म्हणाले, "माझी घरवाली, सरला, सकाळी पडली ताई. म्या फस्ट शिफ्टला गेलो, अन् मागं ती सैपाकघरात पडली. दुपारी चारला आलो तवर तशीच, गार. दिवसभर म्या तिकडं शेकडो हीटर मोजले. हितं कुणाला पत्ता न्हाई."

तेवढ्यात करंटचा काटा उडाला. मामा गर्रकन वळले, खडू घेतला. "पावणेआठ. दोनशे वीस भागिले चार. पंचावन्न ओहम! बाईची इस्त्री. व्होल्टेज रोज येगळं, करंट रोज येगळा, म्हणून तर भागायचं. भागलं की पंचावन्नच. म्हंजी उठली, हिंडतीफिरती हाय. आता च्या घेतो."

"लाइन त्यांची आहे मामा. त्या 'काढा' म्हणाल्या तर काढावाच लागेल," असं म्हणून मी त्यांचं दार वाजवलं.

दार उघडलं. अंगावर चुरगळलेलं पातळ. आत पाटावर इस्त्री उभी करून ठेवलेली, खाली कपड्याची चिंधीसुद्धा नाही. बाई शेजारी बसून चहा पीत होत्या.

"हे काय हो? इस्त्री कशाला करताय?"

"मी कशाला इस्त्री करते?" बाई फणकारल्या. "गॅसवर पानी तापवाया लागले, तर पयल्याच दिशी म्हातारा दार बडवत आला. थरथर कापत व्हता. म्हनं गॅस गळतोय का बघाया आलो! मला का कळत न्हाई? दुसऱ्या दिशीपास्नं ही लावते. काटा हलला न्हाई तर त्यो चहा बी पीत न्हाई."

"मग गिझरच लावा की! पाणी तरी तापेल."

"गिझर? माझ्या भावाचा गिझर नापास करतो व्हय? मरंपर्यंत लावायची न्हाई! आन् बोर्डाला कुनी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय, सांगा तुमच्या कमिटीला. त्याला मातुर ह्यातलं काय बोलायचं न्हाई."

मी बाहेर आले. डोळे भरून आले होते, ते पदराला पुसले. रंगाऱ्याला म्हटलं, "फळी सोडून रंगव."

"मॅडम, कमिटी?"

"कमिटीला मी बघते. येऊ देत कोण येतंय ते."

मामांनी पाटीवरचा पंचावन्न मला कौतुकानं दाखवला. "चार वरीस झाले, एक खाडा न्हाई. बोलत न्हाई आमी, पन बाई लई टापटिपीची. सगळं इस्त्रीचंच लागतं तिला."

"हो मामा. फारच," मी म्हटलं.

एवढ्यात वत्सलाबाई कचऱ्याची बादली घेऊन समोरून आल्या, त्याच चुरगळलेल्या पातळात. अबोल्याच्या शिस्तीप्रमाणे मामांनी ताडकन तोंड फिरवलं. काटा केव्हाच शून्यावर आला होता, तरी बाई परत घरात जाऊन दार लागेपर्यंत मामा त्याच्याकडेच बघत उभे राहिले.