नॉर्वेकराची चारच्या तासाला दांडी

"हालापा शहरात गुप्तहेर एकच आहे, आणि तो मी," अशी फिदेन्सिओ बारागान स्वतःची ओळख करून देत. ओळख गुप्त ठेवावी असं त्यांना कधी वाटलं नाही. पोस्टाच्या हरवलेल्या पार्सलांच्या खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. तेवढ्या काळात चार पार्सलं सापडली आणि त्यातली दोन त्यांच्याच टेबलाखाली होती. "नजर, नाक आणि निष्कर्ष! शतकातून एखाद्याच माणसात ही तिन्ही एकत्र येतात," असं ते सांगत असताना त्यांची धाकटी बहीण हासिंता समोर बसून त्यांच्या शर्टाला बटण लावत असे. निवृत्त झाल्यावर ते तिच्याकडे आठ दिवस राहायला आले होते. त्याला आता सहा वर्षं होत आली.

अशा माणसाकडे आपलं गाऱ्हाणं न्यायची पाळी हासिंतावर आली, यावरून गाऱ्हाणं किती गंभीर होतं ते समजून घ्या.

परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणाऱ्या एका शाळेत ती प्रगत वर्ग घेई. प्राथमिक वर्गाला चाळीसजण येतात आणि 'एक बिअर द्या' एवढं जमलं की समुद्रावर पळतात. मधल्या वर्गातले प्रेमात पडतात आणि पुढचं शिक्षण घरबसल्या घेतात. प्रगत वर्गापर्यंत तग धरून पोचला होता तो एकटा आर्विद, नॉर्वेहून आलेला, सव्वासहा फूट उंच आणि मुळातच अबोल. सकाळी नऊला लेखन, दुपारी चारला संभाषण. पण तीन आठवडे झाले, स्वारी सकाळी येई आणि चारच्या तासाला दांडी मारी. विचारलं की कानापर्यंत लाल होऊन म्हणे, "थोडं काम निघालं, बाई."

संचालक ओल्मेदोंनी शुक्रवारची मुदत दिली होती. शुक्रवारीही चारला विद्यार्थी दिसला नाही, तर प्रगत वर्ग बंद, आणि सोमवारपासून हासिंताबाईंनी 'माझे नाव अमुक' शिकवायचं. एकोणीस वर्षं तिने हा वर्ग जिवापाड जपला होता.

तिला खरं लागलं होतं ते मात्र वेगळंच. तास बुडवून त्याचं स्पॅनिश सुधारत होतं! पूर्वी तो शुद्ध आणि निर्जीव लिहायचा, फ्रिजच्या माहितीपुस्तकासारखं. आता 'शहरातील वाहतूक' या निबंधात त्याने लिहिलं होतं, "ज्या महापौराला स्वतःच्या घरात कुठे बसावं हे बायकोला विचारावं लागतं, तो आपल्या गाड्या कुठे लावायच्या ते सांगणार!" बोलतानाही तो मध्येच तोडायचा, टोमणा हाणायचा आणि तरी मुद्दा सोडायचा नाही. हे सगळं त्याला तिने शिकवायचं होतं. शिकवत होतं दुसरंच कुणीतरी, आणि त्या कुणाचा तरी तिला सणसणीत मत्सर वाटत होता.

"फितुरी!" फिदेन्सिओंनी निबंध नाकाला लावला. "मोलेच्या रश्श्याचा वास येतोय. दुसऱ्या शाळेने आचारी नेमलाय."

"आचारी निबंध शिकवतो?"

"तेच तर त्याचं वेषांतर."

"दादा, तो वास तुझ्या मिशांना येतोय. आत्ताच जेवलास."

"म्हणजे माझ्या मिशाही यात गुंतवल्या? गडी मुरलेला दिसतो."

दुसऱ्या दिवशी आचारी रद्द झाला आणि त्याच्या जागी एक विधवा कवयित्री आली. ती नेमकी कोण, हे त्यांना ठरवायचं होतं. तिसऱ्या दिवशी तीही गेली.

"त्याला स्पॅनिश आधीपासून येतं," ते कुजबुजले. "तो नॉर्वेचा हेर आहे."

"हालापात हेरण्यासारखं काय आहे?"

"मी."

आर्विद दोन्या एनेदिना (दोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाईसाहेब') यांच्या घरी राहायला आणि जेवायला होता. समोरच न्हाव्याचं दुकान होतं. तिथे बसून फिदेन्सिओंनी तीन दिवस पाळत ठेवली. तेवढ्यासाठी तीनदा दाढी केली आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून मिशाही उतरवल्या. शुक्रवारी भर दुपारी त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून अहवाल वाचला. "तीन चाळीस. संशयित दारात, हात कडीवर. परत आत. चार पाच. एक पाय बाहेर, दुसरा आत. परत आत. चार तीस. टोपी घातली, टोपी काढली. पाच दहा. दारातच घरमालकिणीने हातात डबा दिला, मिठी मारली, परत आत! हासिंता, या खुणा आहेत. समुद्रावर जहाजं एकमेकांना देतात तशा."

"बाई, तो निरोप घेतोय," मागून आवाज आला. पाण्याचा जारवाला खांद्यावरचा जार उतरवत होता. "रोजचंच आहे. मी साडेतीनला तिथे जार टाकतो तेव्हा तो सुरू करतो. साडेपाचला रिकामा न्यायला जातो तेव्हाही दारातच असतो बिचारा."

"अत्यंत उथळ निष्कर्ष," फिदेन्सिओ म्हणाले आणि न्हाव्याकडे गेले. तिथे आता दाढीला काही शिल्लक नव्हतं, म्हणून ते नुसतेच बसले.

हासिंता साडेतीनला दोन्या एनेदिनांच्या दारात पोचली. जेवणं उरकली होती, पण टेबलावरून कुणी उठलं नव्हतं. दोन्या एनेदिना, त्यांचे दीर आणि दोन मुली असे सगळे एकमेकांशी तावातावाने भांडत होते. आर्विद पिशवी घेऊन उभा होता. बाईंना पाहून तो पांढरा पडला, तरी सुरू केलेलं वाक्य त्याने शेवटाला नेलं. "आपली हरकत नसेल, आणि आपल्या या सुखद सहवासाला माझ्यामुळे गालबोट लागणार नसेल, तर अत्यंत जड अंतःकरणाने मी आपली अनुज्ञा मागतो."

"एवढ्यात? कुणी हाकलतंय का तुम्हाला?" दोन्या एनेदिना म्हणाल्या. "बसा, खीर राहिलीय." आर्विद बसला.

हासिंताचे कान टवकारले. ते वाक्य तिचं होतं. पाठ अकरावा, 'सभ्य निरोप'. तीन आठवड्यांपूर्वीच भावनेसकट घोटून घेतलं होतं तिने.

तिने दोन्या एनेदिनांना आत गाठलं. "अहो, चारला त्याचा तास असतो."

"तास? अगं बाई! मग तोंडाने सांगायचं नाही का? आम्हाला वाटलं, पोराला कुठे जायचंच नाही. इतक्या गोड शब्दांत परवानगी मागणाऱ्याला 'जा' म्हणायचं तरी कसं? तीन आठवडे झाले, या घरात दुपारी कुणाचा डोळा लागलेला नाही. बोलायचं सगळं संपलं, मग भांडायला लागलो. भांडणंही संपली, तेव्हा परवा शेजारचं एक भांडण इथे आणून पुरवलं. त्याचे निबंधसुद्धा आम्हीच भांडत सांगतो. महापौराचं वाक्य माझ्या दिराचं."

हासिंताला हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागले. गुन्हेगार सापडला होता, आणि तो ती स्वतःच होती. ती आर्विदसमोर जाऊन उभी राहिली.

"आजचा धडा एका वाक्याचा. म्हण, मी निघालो."

"एवढंच? 'कृपया' नको?"

"नको."

"जड अंतःकरण?"

"ते जाताना घेऊन जा. बोलू नकोस."

आर्विदने टेबलाची कड धरली, श्वास घेतला आणि म्हणाला, "मी निघालो."

चमचे थांबले. दीर तर तोंड उघडं ठेवून बघत राहिले. हासिंताला वाटलं, आता या घरातून त्याचं बिऱ्हाड उठलं. पण दोन्या एनेदिनांनी पदराला हात घालावा तसा एप्रनला घातला आणि डोळे टिपले. "ऐकलंत? आज पोरगा घरचा झाला. परवानगी पाहुणे मागतात, घरचा माणूस सरळ उठून जातो." मग त्याच्यावर खेकसल्या, "जाताना दार ओढून घे रे, घोड्या!"

आर्विद धावत सुटला. समोरून फिदेन्सिओ "पळाला, पळाला!" म्हणत गळ्यातल्या न्हाव्याच्या फडक्यासकट त्याच्या मागे धावले. चारला दहा कमी होते. हासिंताने पर्स उचलली.

"मग मीही निघते."

"तुम्ही?" दोन्या एनेदिनांनी पर्स काढून घेतली. "छे छे, तुम्ही पहिल्यांदा आलात. तुम्ही पाहुण्या. बसा, खीर येतेय."

हासिंताने अकरावा पाठ पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिला. एकोणीस वर्षांत इतक्या तळमळीने तो कुणी म्हटला नव्हता. दीर भारावून गेले आणि त्यांनी तिच्यासाठी नवी कॉफी ठेवायला सांगितली.

चार वीसला हासिंताच्या पर्समधला फोन वाजला आणि दोन्या एनेदिनांनीच तो उचलला. ओल्मेदोंचा आवाज पूर्ण टेबलाला ऐकू आला. "विद्यार्थी चारच्या ठोक्याला हजर झाला. पुढच्या सत्राचा अर्जही भरला त्याने, तुमचा वर्ग वाचला! तुमचे बंधू 'मला त्याची उलटतपासणी घेऊ द्या' म्हणत दारात बसलेत. आता हजेरीपटावर एकच माणूस गैरहजर आहे. बाई कुठे आहेत?"

"बाई ना?" दोन्या एनेदिनांनी एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने हासिंताच्या वाटीत खिरीचा आणखी एक डाव ओतला. "निघाल्याच आहेत!"