फोटोपुरता पदर खाली

फोटो काढायचा म्हटलं की आमच्या गावातल्या बायका आधी पदर डोक्यावर घेतात. कौसाआत्याचं उलटं. समोर कॅमेरा धरला की ती डोक्यावरचा पदर खांद्यावर सोडते, दोन्ही हातांनी केस मोकळे करते आणि म्हणते, "हां, काढ आता." मग फोटोत जे येतं ते वेचणीला आलेल्या कापसाच्या झाडासारखं असतं. पांढरं, कुरळं, चहूबाजूंनी फुटलेलं. तिच्या मागं उभ्या राहिलेल्या बाईचं तोंड, एक फोटो सोडला तर, आजवर कुठल्याच फोटोत आलेलं नाही. ही मागची बाई बहुतेक वेळा मीच असते.

केज तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात बायकांची सहकारी दूध संस्था आहे. तिची मी सचिव. आत्या तिथं दूध मापून घेते आणि फॅट तपासते. नात्यानं ती माझी कुणी नाही. आमच्या भिंतीला भिंत आहे, एवढंच. पण सगळा गाव तिला आत्या म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

सकाळी किटल्यांची रांग लागते. कुणीतरी लाडात येऊन म्हणतं, "आत्या, जरा बरी फॅट लाव की गं." आत्या मशीनवरचा आकडा मोठ्यांदा वाचते आणि म्हणते, "हाय ते हाय." सरपंचाच्या बायकोलाही तेच आणि चुलत जावेलाही तेच. पुढं पुढं हे तिच्या तोंडात असं बसलं की दुधाचा संबंध नसला तरी ती तेच म्हणू लागली. नातू दहावीला नापास झाल्याचं सांगत एक बाई रडत आली, तर तिलाही आत्यानं आधी "हाय ते हाय" ऐकवलं आणि मग कपभर चहा पाजला.

एकदा बचत गटाच्या बैठकीत एक बाई गोरं करायची क्रीम विकायला आली. सहा आठवड्यांत चेहरा उजळतो म्हणाली. आत्यानं डबी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "मंग आतापत्तर ह्या बाया काय अंधारात व्हत्या का?" बैठकीत हशा पिकला. मी हसले नाही, कारण माझ्या पिशवीत तीच डबी होती.

खोटं कशाला बोलू, आत्याची मला थोडी धास्तीच वाटायची. तिशी ओलांडली तेव्हापासून मी केस रंगवते. एरवी ते खपून जायचं, पण दुष्काळाच्या त्या वर्षी पंचाईत झाली. गावात दोन टँकर यायचे, एक पाणी घेऊन आणि दुसरा दूध न्यायला. पाणी घराला मोजून मिळायचं. तरी एका दुपारी दार लावून, चोरून, मी बादलीभर पाण्यानं डोक्याचा रंग धुतला. सगळ्या गल्लीतल्या मोऱ्या महिनाभर कोरड्या ठणठणीत होत्या. वाहत होती ती फक्त माझी, आणि तीही काळीशार. बाहेरून आत्याचा आवाज आला, "शोभे, अगं तुजी मोरी काळी वाहतीया! एवढ्या पाण्यात माजी म्हैस निवली असती की गं!"

गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर आल्या. मी दोन दिवस डेअरीवर मान वर केली नाही. मला वाटायचं, पाण्यापायीच हिनं रंग सोडला असणार. कारण मला चांगलं आठवतं, पूर्वी तिचेही केस काळे होते आणि तेलानं चापून चोपून बसवलेले असायचे. ही कापसाची बोंडं अलीकडची.

दरवर्षी आमची संस्था एक कॅलेंडर छापते. वर सभासद बायकांचा फोटो, खाली तारखा. दूध नेणारा टँकर ज्या ज्या गावांना जातो तिथल्या संस्थांना त्यातली दहा-दहा कॅलेंडरं पाठवायची आमची पद्धत आहे. आधीची तीन वर्षं माझ्या भाच्यानं मोबाइलवर फोटो काढला होता. यंदा मी म्हटलं, जरा नीट होऊ दे. केजहून फोटोवाला बोलावला आणि तो जाताना त्याला सांगितलं, "दादा, बायका जरा चांगल्या दिसल्या पाहिजेत."

त्यानं ते मनावर घेतलं. छापून आलं तेव्हा आम्ही अकराच्या अकरा जणी गोऱ्यापान होतो. आणि आत्याचे केस त्यानं कॉम्प्युटरवर काळेभोर करून, दाबून, सरळ करून टाकले होते. पहिल्यांदाच माझं तोंड फोटोत नीट दिसत होतं. मला बरंही वाटलं, लपवत नाही. मी गठ्ठे बांधले आणि टँकरबरोबर पाठवून दिले.

आत्यानं कॅलेंडर पाहिलं ते दोन दिवसांनी. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तिनं बराच वेळ बोट फिरवत स्वतःला शोधलं. सापडल्यावर म्हणाली, "ही कोण?" मग हळू आवाजात विचारलं, "तेलगावकडं गेली का गं ही?"

"गेली की. परवाच."

आत्या दुधाच्या कॅनवर बसली. ती बसलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

तिला एक मुलगी आहे, मंगल, हे मला ठाऊक होतं. तेलगावच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. पण ती माहेरी का येत नाही, हे आत्यानं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"तिची केसं माज्यासारखीच, कुरळी. पावणे बघायला येणार, तर मीच तिला म्हणलं, असला डोक्याचा खोपा कोण पसंत करील? तेल घातलं, पाण्यानं चापली, वरून ढुंगणापत्तर गंगावन जोडलं. तोंडाला पावडर थापली. त्यांनी केस सोडून चालाया लावलं तर ही भिंतीला धरून चालली, गंगावन सुटंल म्हणून. पसंत पडली. लग्नानंतर सासूनं केस बघितली आन् रोज इचारायची, आमाला दावलेली पोरगी कुठं हाय?"

"मग?"

"मंग काय. एका पंचमीला न्यायला गेलते. म्हणली, सासूचं काय घिऊन बसलीस आई, माजी केसं आदी तुलाच बघवली न्हाईत. आन् आत निघून गेली. त्या सासूलाबी जाऊन आता चार वर्सं झाली. पोरगी काय आली न्हाई." तिनं नाक पुसलं. "तवापसून मी रंग सोडला. तेल सोडलं. तोंडानं माफी मागायला गेले तर ती ऐकना, मंग म्हणलं फोटोत तरी दिसू दे तिला. आईनं लपवायचं सोडलं म्हणून. वर्सातून एक डाव तिच्या गावच्या डेअरीत जातंय कॅलेंडर. आन् औंदा ही काळी भवानी गेली."

एका बाईचा वर्षातून एकदा जाणारा निरोप मी माझं तोंड दिसावं म्हणून पुसून टाकला होता.

टेबलाच्या खणात कार्यालयाची व्हाइटनरची बाटली होती. एक कॅलेंडर पसरलं आणि आत्याच्या डोक्यावर थेंब थेंब ठेवत गेले. वर, बाजूला, माझ्या गोऱ्या तोंडावर. बाटली संपली तेव्हा माझं नाक तेवढं शिल्लक होतं. आत्या वाकून बघत म्हणाली, "कानामागं अजून लई होती." दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध गेल्यावर मी एसटीनं निघाले.

मंगलच्या दारात उभी राहिले तेव्हा तिनं आधी पदर डोक्यावर ओढला. मी आत गेले आणि समोरच्या भिंतीकडं बघतच राहिले. एका खिळ्याला आमची आधीची तिन्ही कॅलेंडरं टांगलेली होती, एकावर एक. वर्ष संपलं तरी काढली नव्हती. यंदाचं मात्र खाली, पिठाच्या डब्यावर पालथं पडलं होतं.

तिनंच विचारलं, "आईनं परत रंग कावून लावला? माज्यावर रुसली का ती?"

"नाही गं. तिनं नाही लावला. मी फोटोवाल्याला चांगलं कर म्हणाले आणि त्यानं हे केलं. माझी चूक." मी पिशवीतून व्हाइटनरचं कॅलेंडर काढलं.

तिनं एक थेंब नखानं खरवडला. खालून काळं दिसलं. तिनं ती जागा पुन्हा अंगठ्यानं झाकली. "खरंच एवढी पांढरी झाली?"

"याहून जास्त. बाटली संपली."

मंगल हसली आणि हसता हसताच रडायला लागली. डोळे पुसायला तिनं पदर घेतला तेव्हा डोकं उघडं पडलं. तेच केस, तसेच फुटलेले, कानांजवळ पांढरे व्हायला लागलेले. मी निघताना ती म्हणाली, "आईला म्हणावं, पुढच्या फोटोला मलाबी बोलव."

संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती तेव्हा मी परत पोचले. रांगेतच आत्याच्या कानात निरोप सांगितला. तिनं हातातलं माप खाली ठेवलं.

"पुढचा फोटो कवा हाय?"

"पुढच्या दिवाळीत."

"दिवाळीपत्तर कोण थांबतंय? तिला म्हणावं, उद्याच ये. भाच्याला म्हणावं, मोबाइल घिऊन ये."

एवढं बोलली आणि सगळ्या रांगेदेखत आत्यानं पदर डोक्यावर घेतला, तो पुढं ओढत पार हनुवटीपर्यंत आणला. रांगेतल्या बाईनं विचारलं, "आत्या, काय झालं गं?" आतून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला. मीच पुढं होऊन माप उचललं आणि दूध घ्यायला लागले.