इंजिनसाहेबांची बांधाबांध

रफिकभाऊ तहसीलदारांना ‘अरे भाऊ’ म्हणतात आणि बोटीच्या इंजिनाला ‘साहेब’.

मी पहिल्यांदा त्यांच्या शेडवर गेलो तेव्हा आतून आवाज आला, “थांब बाहेरच. साहेब आंघोळ करून राह्यले.” मी घाबरून चपला काढल्या आणि हात बांधून उभा राहिलो. नवी नोकरी, आठवीत सोडलेली शाळा, मुलूख परका. साहेब लोकांशी आपण जपूनच वागतो. बऱ्याच वेळानं डोकावलो तर निळ्या प्लास्टिकच्या पिंपात एक इंजिन उभं होतं आणि बाजूनं धार सोडत होतं.

ही बोट पुराची. पावसाळ्यात प्राणहिता फुगली की नाल्यापलीकडची गावं तुटतात, तेव्हा माणसं, औषधं, तांदूळ, कधी कधी बकऱ्यासुद्धा आम्ही ने-आण करतो. मी मालवणकडचा, म्हणून मला बोट येतच असणार असं ठेकेदारानं ठरवून टाकलं होतं. खरं तर मी आंब्याच्या बागेत कामाला होतो आणि समुद्र पाहिला होता तो काठावरून. हे रफिकभाऊंनी पहिल्याच फेरीत ओळखलं. कुणाला बोलले नाहीत. “कोकण,” म्हणाले, “पाणी सगळीकडं वल्लंच रायते. शिकशील.” तेव्हापासून माझं नाव कोकण पडलं. खरं नाव इथे पगार करणाऱ्यालाच ठाऊक असेल.

आमच्याकडे पावसाळा लागला की होड्या वर ओढतात. इथे उलटं. दिवाळीनंतर नदी उतरते, वाळू उघडी पडते, आणि इंजिन पुढच्या मृगापर्यंत बांधून ठेवायचं. ते कोठीत गेल्याशिवाय मला सुट्टी नाही. आणि माझ्या गावची जत्रा नेमकी याच दिवसांत. दर वर्षी मी पोचतो तेव्हा देवळाबाहेर पत्रावळी उडत असतात. आई फोनवर एवढंच विचारते, “यंदा तरी जत्रेक येतलंस मा?” आता तिला देवळाच्या पायऱ्या एकटीनं चढवत नाहीत.

पण रफिकभाऊंना घाई म्हणजे हराम. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: “इंजिन मरत नाई, मारल्या जाते.” कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा थेंब राहिला तर चार महिन्यांत त्याचा डिंक होतो आणि ऐन पुरात इंजिन खोकत बसतं, हे ते मला दर वर्षी नव्यानं सांगतात. मग पेट्रोलची नळी काढून इंजिन तसंच चालू ठेवायचं, आतलं सगळं पिऊन ते आपोआप गप्प होईपर्यंत. गप्प झालं की भाऊ टोपी नीट करतात आणि त्या दिवसाचं काम संपतं. “साहेब थकले आज.”

दुसऱ्या दिवशी प्लग काढून आत तेल सोडायचं आणि दोरी ओढायची. कशी, तर हळू. “विहिरीतून भरली बादली काढून राह्यला असं समज. बे, ते आंबे पाडून नाई राह्यला तू!” मग पूर्वेचा वारा सुटला म्हणून एक दिवस खाडा. वाऱ्याचा आणि इंजिनाचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. “तुले हवा लागते का नाई? मग त्याले नाई लागत?”

त्यानंतर येतो पोत्याचा दिवस. इंजिनावर गोधडी आणि गोधडीवर पोतं. एका वर्षी या पोत्यात आधी मोहफुलं भरलेली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळी येऊन बघतो तर शेडचा पत्रा वाकलेला, पोत्याच्या चिंध्या, आणि इंजिनाचं वरचं झाकण अंगणात. मोहाच्या वासानं अस्वल येऊन गेलं होतं. मी झाडीकडे बघत होतो. रफिकभाऊ झाकण उलटंपालटं करून बघत होते. “एक ओरखडा नाई,” ते म्हणाले. “पाना न लावता उतरवलं त्यानं. तुह्यापेक्षा साफ हात हाय. ठेकेदाराले सांग, त्याले कामावर ठेव म्हणा.”

तेव्हापासून पोतं आधी धुतात, वाळवतात आणि सगळ्यांना हुंगायला लावतात. चहावाल्या लचमाबाईंनाही. माझा कौल धरत नाहीत. “याच्या नाकात मासोळी बसली हाय, याले मोह काय कळते?”

हे सगळं दोन आठवडे चालतं. दुपारी ते मला घरी जेवायला नेतात. घर शेडच्या मागेच. भाभी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा हैदराबादेत एसी दुरुस्त करतो. फोन आला की बापलेक गॅस आणि कॉम्प्रेसरबद्दल बोलतात आणि ठेवून देतात. स्वयंपाक भाऊच करतात आणि त्यातही इंजिनाचीच भाषा. भातात पाणी जास्त झालं तर “ओव्हरफ्लो झालं.”

यंदा मी ठरवलं होतं की जत्रा चुकवायची नाही. घर गाठायला दोन दिवस लागतात, आलापल्लीची बस, मग बल्लारशाहून गाडी. निघायच्या दिवशी सकाळी मी लचमाबाईंच्या टपरीवर कुरकुरत बसलो. संध्याकाळची बस, आणि भाऊंचं अजून तेल तपासणं बाकी.

“आज नाही निघालो तरी उद्या निघून जत्रा गाठता येईल,” मी म्हटलं, “पण परवा नाही. आणि यांचं काही सांगता येत नाही.”

बाई चहा गाळता गाळता हसल्या. “एवढं काम नाई ना बाबू ते.”

“अहो, दोन आठवडे लागतात.”

“तुले लागतेत. तुले पयल्या साली हिवताप नाई झाल्ता? दवाखान्यातून तसाच गावाले गेल्तास. त्या साली भाऊनं एकट्यानं एका सकाळच्या पारी बांधून टाकलं सगळं. कुलूप लावलं अन् घरात जाऊन बसला. मंग होळीपर्यंत चायले बी आला नाई.”

मी कप ठेवला. त्या तापात माझ्या अंगावर घातलेली गोधडी इंजिनाची होती, हे मला नंतर समजलं होतं. बाकीचं आत्ता समजलं.

शेडमध्ये भाऊ खाली बसले होते. परवा गिअरमध्ये नवं तेल भरून इंजिन पिंपात नुसत्या दोरीनं फिरवलं होतं. आता त्यातलं थोडं वाटीत काढून बघायचं. आत पाणी शिरत असेल तर तेल दुधाळ दिसतं, मग सगळं खोलून सील बदलावं लागतं. नसेल तर झालं, कोठीला कुलूप.

“पाह्य तू,” ते म्हणाले. “तुले बसची जल्दी हाय. माह्या डोळ्याले आता काई दिसत नाई.” सुईत दोरा ओवणारा माणूस.

मी वाटी दारातल्या उन्हात धरली. तेल मधासारखं स्वच्छ होतं. वाटीचा तळ दिसत होता.

“भाऊ,” मी म्हटलं, “जरा पांढरट वाटतंय.”

ते उठले. वाटी घेतली, तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“शंका हाय,” शेवटी म्हणाले. “शंका असली त खोलून पाहाच लागते. उद्याच्या बसनं गेला त जत्रा भेटते ना तुले?”

“भेटते.”

“उद्याची चुकवू नको मग. बुढी वाट पाहात असंन.” आणि खुंटीवरची पिशवी काढून, “वांगे आणतो,” म्हणत बाजाराकडे निघालेसुद्धा.

ते वळणाआड गेल्यावर मी वाटीतलं तेल परत बाटलीत ओतलं. चांगलं तेल होतं, फेकायचं कशाला?