त्र्यंबकरावांची नागीण

मुलांनो, एका जंगलात सगळ्यांना काही ना काही आजार होते, आणि त्र्यंबकराव अस्वलाला त्या आजारांच्या नावांचे अर्थ ठाऊक होते. औषध मात्र एकाचंही ठाऊक नव्हतं. शब्दांच्या मुळाशी जाणारी मंडळी असतातच अशी. गोष्ट सांगणाऱ्याकडे बघून हसू नका.

दवाखाना साळिंदरबाईंचा. सुया अंगावरच असल्यामुळे त्यांना बाहेरून मागवाव्या लागत नसत. त्र्यंबकराव रोज त्यांच्या ओसरीवर बसत आणि येणाऱ्या रोग्याला गाठत. घुबडाला त्यांनी समजावलं की डोळ्यात मोत्यासारखा ठिपका दिसतो, म्हणून मोतीबिंदू. माकडाला सांगितलं की चट्टा हत्तीच्या कानासारखा पसरतो, म्हणून गजकर्ण. ऐकता ऐकता माकड खाजवायचं विसरलं. हा आपल्या विद्येचा गुण, असं त्र्यंबकरावांना वाटलं. घरी जाऊन माकडाने सगळी कसर भरून काढली, ते त्यांना कुणी कळवलं नाही.

एकदा त्यांच्याच कुशीत आग उठली. साळिंदरबाईंनी केस बाजूला करून पाहिलं.

"नागीण आहे. गोळ्या आजच सुरू करा. उशीर झाला तर फोड सुकतील, पण दुखणं मागे राहील."

त्र्यंबकरावांचे डोळे चमकले. आजवर दुसऱ्यांच्या अंगाकडे बोट दाखवून बोलावं लागे. आता उदाहरण घरचंच होतं. ओसरीवरच्या सगळ्यांना जवळ बोलावून त्यांनी फोडांची रांग दाखवली. पाठीकडून पोटाकडे वळसा घेत येते, म्हणून नागीण. अडाणी लोक तर म्हणतात, तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की रोगी संपला. यावर ते पोट धरून हसले. गोळ्या ओसरीवरच राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, द्वारकाबाईंना, हाक मारली.

"जरा बघ, तोंड कुठवर आलंय?"

"अहो, ती अडाणी समजूत आहे असं तुम्हीच म्हणालात ना?"

"समजूतच आहे. पण शेपूट कुठं आहे तेही बघून ठेव."

मग सकाळ-संध्याकाळ हेच चाललं. गोळ्या मागायला जावं, तर आपण घाबरलो असं दिसेल. तोंड आणि शेपूट काही जुळलं नाही. फोड सुकले. आग तेवढी राहिली. वारा लागला तरी कळ यायची, आणि त्र्यंबकरावांना खरोखर रडू यायचं.

शेवटी ते दवाखान्यात गेले. गोळ्यांची वेळ टळली, आता सोसायचं, असं साळिंदरबाईंनी सांगितलं.

"पण या मागे राहिलेल्या दुखण्याला म्हणतात काय?" त्र्यंबकरावांनी कण्हत विचारलं.

साळिंदरबाई दिवसभर रोगी पाहून वैतागल्या होत्या.

"त्र्यंबक म्हणतात," त्या म्हणाल्या.

शब्द जंगलभर रुळला. औषधाला उशीर करून कुणी विव्हळत आलं, की याला त्र्यंबक झालाय म्हणतात. त्र्यंबकराव अजून ओसरीवर बसतात, एक हात कुशीवर दाबून. नवा रोगी आला की त्याला हातातली गोळी खाली ठेवायला लावतात आणि या शब्दाचा उगम पहिल्यापासून सांगतात.

तात्पर्य : वेळेवर औषध घेणारा नुसताच बरा होतो, त्याचं नाव मागे राहत नाही.